खेजडी दिसली का?

सिल्वासाजवळच्या डोकमर्डीच्या या सोसायटीत मी कायमचा राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या पाटलांनी चौकशी केली.

"काका, तुम्ही विमानतळावर होते म्हणे. पायलट होते का?"

म्हटलं, नाही.

"मंग तिकिटावर?"

नाही.

"सामान चढवायला?" माझ्या अंगकाठीकडे बघून हा प्रश्न त्यांनी स्वतःच मागे घेतला. "मंग करत काय होते?"

"बघत होतो," मी म्हणालो.

पाटील मूळचे धुळ्याकडचे, मसाटच्या सुताच्या कारखान्यात यंत्रापुढे बारा-बारा तास उभे असतात. नुसतं बघण्याचा पगार मिळतो हे ऐकून त्यांना माझ्याबद्दल जो आदर वाटला, तो अजून टिकून आहे. आता आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "नोकरीतलं काहीतरी लिहा" असं फर्मान निघालंय, तर हे बघणं म्हणजे काय ते एकदाचं सांगून टाकतो. शिवाय एक गोष्ट मी आजवर कुठल्याच कागदावर लिहिलेली नाही. खात्याच्या कागदावर तर नाहीच.

मी हवामान निरीक्षक. विमानतळावर दर अर्ध्या तासाला वारा किती, तापमान किती, दाब किती, ढग कुठे आणि किती लांबचं दिसतंय, याची नोंद करून टॉवरला कळवायची. टॉवर ते वैमानिकाला सांगतो. पहिली सगळी कामं यंत्रं करतात. शेवटचं काम मात्र लहान विमानतळांवर परवापरवापर्यंत माणसाच्या डोळ्यांनी व्हायचं. मोठ्या ठिकाणी त्यालाही यंत्र असतं. आमच्या ठिकाणी मी होतो.

आमची ही सिल्वासात शिक्षिका, त्यामुळे बिऱ्हाड इथे आणि मी बदलीच्या गावी, असा आमचा संसार. शेवटची बदली झाली ती पश्चिमेच्या वाळवंटात. गावाचं नाव सांगत नाही, कारण माणसं अजून तिथेच आहेत. एक धावपट्टी, शाळेच्या सभागृहाएवढी एक इमारत, तिच्यावर टॉवर आणि टॉवरच्या खालच्या मजल्यावर माझी गच्ची. मंगळवार, गुरुवार, शनिवार दुपारी एक विमान यायचं आणि तासाभरात परत जायचं. बाकी वेळ वाळू, वारा आणि पत्र्यावर वाळू घासल्याचा आवाज. पहिल्या महिन्यात मला वाटायचं, कुणीतरी जिन्यात पाय घासतंय. मी दोन-तीनदा जाऊनही बघितलं.

पण त्या एका विमानावर तो सगळा मुलूख टेकलेला होता. मोठं इस्पितळ सडकेने सहा तासांवर. रक्ताचे नमुने, परीक्षेचे पेपर, सुरतेत कामाला गेलेली पोरं, बाळंतपणात अडलेल्या बायका, सगळं त्यातून जायचं. आणि विमान उतरणार की नाही हे ठरायचं एका झाडावरून.

ते असं. किती लांबचं दिसतंय हे अंदाजपंचे सांगून चालत नाही. त्यासाठी गच्चीवर एक तक्ता लावलेला असतो. कुठल्या दिशेला कुठली खूण आणि ती किती अंतरावर, हे त्यात मोजून लिहिलेलं. पाण्याची टाकी, देवळाची छत्री, मोबाइलचा मनोरा. ज्या लांबच्या खुणेला तुम्ही ओळखू शकता, तिचं अंतर लिहायचं. आमच्याकडे पश्चिमेला अडीच किलोमीटरवर एक खेजडी होती. खेजडी म्हणजे आपली शमी, पांडवांनी शस्त्रं लपवली ती. एकटीच, डावीकडे कललेली. आमच्या धावपट्टीला विमान उतरवायची भारी यंत्रं नव्हती, तेव्हा वैमानिकाला जेवढं दिसायला हवं, ते अंतर नेमकं तिच्यापाशी संपायचं. खेजडी दिसली तर विमान उतरणार, नाही दिसली तर वरच्या वर माघारी.

हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. विमान कंपनीला कुणी फोन करायचंच नाही. माझ्या खोलीतला फोन वाजायचा, "साब, खेजडी दिखी क्या?" मी "दिखी" म्हटलं की तिकडे जीप सुटायची. लोक तिला विमानवाली खेजडी म्हणत, तिला नवसाचे धागे बांधत. एकदा एका नवरदेवाचा मामा पेढ्यांचा पुडा घेऊन थेट गच्चीवर आला. धूळ होती, काही दिसत नव्हतं. पुडा माझ्यापुढे सरकवून तो म्हणाला, "साब, थोडा जोर से देखो ना." मी जोर लावून बघितलं आणि पुडा परत केला. विमान माघारी गेलं, वरात ट्रकमधून गेली, आणि तो नवरदेव पुढे सहा वर्षं मला बाजारात बघून तोंड फिरवायचा. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? जे दिसलं नाही ते मी कधी लिहिलं नाही, हे वाक्य मी निवृत्तीच्या भाषणासाठी राखून ठेवलं होतं.

या गच्चीवर माझ्याबरोबर असायचे भंवरजी. वय साठीचं, डोक्यावर रंग उडालेला साफा. धावपट्टीवरून नीलगायी, कुत्री हाकलायची, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फाटली की बदलायची, ही त्यांची कामं. जनावर धावपट्टीवर येण्याआधी त्यांना ते कळायचं. चहा पिता पिता मध्येच उठायचे आणि म्हणायचे, "आ गया." खाली बघावं तर कुंपणापाशी खरंच नीलगाय उभी. मी त्यांना नोंदीला साक्षीदार धरायचो. नियमात तसं काही नाही, माझी आपली सवय. लिहिण्याआधी विचारायचो, "दिखती है ना, भंवरजी?" ते डोळ्यांवर हात धरून बघायचे आणि सांगायचे. त्यांचं आणि माझं कधी वेगळं आलं नाही.

तर त्या वर्षी ज्येष्ठ महिन्यात एका शनिवारी दुपारी मोठी आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, आलं. विमान रद्द झालं. वारा संध्याकाळी पडला, पण धूळ खाली बसेचना. रविवार, सोमवार आभाळ ताकात हळद कालवल्यासारखं. सूर्य दिसायचा, पण त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून बघता यायचं. आवाज सगळे बंद. मोर ओरडायचे तेही गप्प. मी आणि माझा जोडीदार रणजीत, बिहारचा तरुण मुलगा, पाळीपाळीने नोंदी करत होतो. धूळ जराशी विरळ झाली की खेजडी दिसायची, दाट झाली की जायची.

रविवार-सोमवार विमान नसल्याने भंवरजी सुट्टीवर होते, मंगळवारी सकाळीही ते कामावर आले नाहीत. आले ते दुपारी, आणि एकटे नाही. त्यांची नात लिछमा, नऊ वर्षांची, जीपमध्ये आईच्या मांडीवर पडलेली होती. अपेंडिक्स फुटलं होतं. गावच्या डॉक्टरने सांगितलं होतं की संध्याकाळच्या आत मोठ्या इस्पितळात पोचली तर वाचेल, या उकाड्यात सडकेने सहा तास ती काढणार नाही. विमान कंपनीच्या माणसाने कशाबशा जागा करून दिल्या. आता विमान यायला हवं होतं, एवढंच.

भंवरजी जिना चढून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. टॉवरवरून विचारणा झाली, विमान पंधरा मिनिटांवर आहे, काय दिसतंय?

मी पश्चिमेकडे बघितलं. पिवळं, नुसतं पिवळं. मग त्यात एक करडा डाग. डावीकडे कललेला. दुपारच्या झळांत तिचं बूड जमिनीपासून सुटलेलं, ती हवेत टांगल्यासारखी. हे नेहमीचंच, मृगजळात झाडं अशी उचललेली दिसतात. मी दुर्बीण लावली, काढली, पुन्हा लावली. होती.

"दिखती है ना, भंवरजी?"

त्यांनी डोळ्यांवर हात धरला. बराच वेळ. मग म्हणाले, "दिखती है साब. साफ दिखती है."

मी लिहिलं. टॉवरने सांगितलं. विमान आलं.

ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही. आवाज डोक्यावर आला तरी दिसलं नाही. मग धुळीतून एकदम धावपट्टीच्या अर्ध्यावर चाकं टेकताना दिसली, आणि ते पार टोकाला, कुंपणाच्या तोंडाशी जाऊन थांबलं. माझ्या हातातली पेन्सिल मोडली होती, कधी ते कळलं नाही.

वैमानिक एक बाई होत्या. वैमानिक सहसा खाली उतरत नाहीत, माझ्या खोलीत तर कधीच येत नाहीत. त्या जिना चढून आल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शांतपणे त्यांनी विचारलं, "विजिबिलिटी आपने दी थी?"

"हां."

"मुझे आखरी घडी तक जमीन नहीं दिखी. आपको क्या दिख गया?"

"खेजडी," मी म्हटलं, आणि पश्चिमेकडे बोट केलं. त्यांनी बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि निघून गेल्या. विमान लिछमाला, तिच्या आईला आणि भंवरजींना घेऊन उडालं. धुळीतून उडता येतं, उतरणं अवघड असतं.

मला झोंबलं होतं. एवढ्या वर्षांत माझ्या नोंदीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. पुढची नोंद रणजीतवर सोपवून मी खाली उतरलो आणि मागच्या फाटकातून पश्चिमेला चालायला लागलो. सहा वर्षांत रोज वीस-वीस वेळा ती खेजडी बघितली होती, पण तिच्यापाशी एकदाही गेलो नव्हतो. बघण्याचं काम लांबून करायचं असतं.

अर्धा तास चाललो. ऊन नाही, सावली नाही, सगळीकडे एकसारखा उजेड. माझी सावलीसुद्धा पडत नव्हती. खेजडी आता मोठी व्हायला हवी होती. ती होईना. पुढे काही दिसेचना. मग पायाला काहीतरी अडखळलं.

ती आडवी पडलेली होती. मुळं किडून पोकळ झालेली, आंधीने उपटून टाकलेली. वाळू अर्धी वर चढली होती. फांद्या कुऱ्हाडीने तोडून नेलेल्या, तोडल्याच्या जागा सुकून करड्या पडल्या होत्या. म्हणजे आजचं काम नव्हे. नवसाचे धागे वाळूत गाडलेले, दोन-चार रंगीत टोकं तेवढी वर. मी बुंध्याला हात लावला. मग मागे वळून टॉवर बघितला.

टॉवर दिसत नव्हता. इमारत नाही, टाकी नाही, काहीच नाही. जिथून मी आलो होतो तिथे नुसतं पिवळं होतं. आणि अडीच किलोमीटरवरच्या त्या पिवळ्यात बसून मी हे झाड बघितलं होतं.

परतताना पावलांच्या खुणांवरून आलो. फाटकापाशी चहावाला होता. त्याला विचारलं, खेजडी कधी पडली? "शनिचर को ही, साब. भंवरजी लकडी ऊंटगाडे में भर के ले गए, इतवार को." त्याला वाटलं, मला माहीत असणारच.

वर जाऊन मी नोंदवही काढली. शनिवार संध्याकाळपासून मंगळवारपर्यंत. माझ्या अक्षरात आणि रणजीतच्या अक्षरात. साडेआठला खेजडी दिसते. दहाला दिसत नाही. अकराला दिसते. नसलेलं झाड तीन दिवस धुळीत लपत होतं आणि धुळीतून बाहेर येत होतं, आणि आम्ही दोघं इमानदारीने ते लिहीत होतो. रणजीतला सांगितलं तर तो हसला, मग त्याचं हसू गेलं. "सर, मैंने देखा है. बायीं तरफ झुका हुआ."

पुढचं मी खात्याला दिलेल्या खुलाशात लिहिलं नाही, आज लिहितो. वही मिटून मी गच्चीत गेलो आणि पश्चिमेकडे बघितलं. हाताला बुंध्याची साल अजून चिकटलेली होती. धूळ थोडी विरळ झाली होती. आणि खेजडी उभी होती. करडी, डावीकडे कललेली, बूड जमिनीपासून सुटलेलं. मी डोळे चोळले नाहीत, देवाचं नाव घेतलं नाही. नुसता बघत राहिलो, ती धुळीत जाईपर्यंत. मला भीती वाटली ती झाडाची नाही, डोळ्यांची. तीस वर्षं ज्यांच्यावर पोट भरलं ते डोळे माझ्यासाठी काहीतरी करून ठेवत होते आणि मला सांगत नव्हते.

नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चुकीच्या नोंदीवर एक आडवी रेघ मारायची, आकडा वाचता आला पाहिजे, आणि खाली सही. मी माझ्या नोंदींवर रेघा मारल्या आणि लिहिलं: खेजडी पडली आहे, शनिवारपासूनच्या नोंदी धरू नयेत. खुलासा मागवला गेला. डोळे तपासायला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, या वयात असे उत्तम डोळे त्यांनी पाहिले नव्हते. सहा महिन्यांत तिथेही यंत्र बसलं. ते अजून चालू आहे आणि त्याला कधी काही जास्तीचं दिसलेलं नाही.

भंवरजींचं नाव मी खुलाशात घेतलं नाही. पण मनातून त्यांना उतरवून टाकलं. हा माणूस शनिवारपासून जाणत होता. लाकूड याच्या अंगणात. तरी माझ्याशेजारी उभा राहून "साफ दिखती है" म्हणाला. नातीसाठी म्हणाला, कळतं मला. पण त्या विमानात चाळीस माणसं होती, त्यांनाही घरदार होतं. विमान कुंपणाशी थांबलं म्हणून आज हे लिहायला मी मोकळा आहे.

लिछमा वाचली. पंधरा दिवसांनी भंवरजी पेढ्यांचा पुडा घेऊन गच्चीवर आले. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "रख दो नीचे, बाकी लोगों में बांट दो." ते काहीतरी बोलणार होते. मी वाऱ्याचा आकडा लिहायला घेतला, जो तेव्हा लिहायचा नव्हता. ते खाली गेले. पुढची दोन वर्षं, मी निवृत्त होईपर्यंत, आम्ही कामापुरतं बोललो. पुन्हा कधी मी त्यांना "दिखती है ना?" असं विचारलं नाही.

इथे आल्यावर मला एक खोड लागली. आमच्या गच्चीवरून मसाटकडची एक उंच चिमणी दिसते, खेरडी गावाच्या बाजूला एक पाण्याची टाकी आणि त्यामागे डोंगराची कड. रोज त्यातली एक खूण निवडायची, बघायची, मग स्कूटर काढून तिथे जायचं आणि हात लावून यायचं. डोंगराला हात लावता येत नाही, मग पायथ्याच्या दगडाला. चिमणीच्या पहारेकऱ्याला आधी मी वेडा वाटलो, आता तो लांबूनच हात करतो. आमची ही म्हणते, "पेट्रोल जाळून खात्री करायला आता तुम्हाला कुणी पगार देत नाही." म्हणते आणि हेल्मेट हातात आणून देते.

श्रावणात एका दुपारी फोन आला. अनोळखी क्रमांक, मुलीचा आवाज. "मैं लिछमा बोल रही हूं, भंवरजी की पोती. दादोसा बात करेंगे." मुलगी आता नर्सिंगला जाते म्हणे. भंवरजींचा आवाज पार खोल गेला होता. आजारी होते, अंथरुणावर. इकडचं तिकडचं झालं. पाऊस आहे का, घरच्या बाईसा कशा आहेत. मग ते थांबले. दम लागला होता.

"साब, एक बात आपने कभी पूछी नहीं."

मी म्हटलं, "रहने दो भंवरजी. बच्ची का सवाल था. मैं समझता हूं."

"नहीं समझते," ते म्हणाले. "आपको लगता है मैंने झूठ बोला. साब, मैं तो सोच के ही चढा था कि झूठ बोलूंगा. लकडी मेरे आंगन में पडी थी, मैंने अपने हाथ से काटी थी. फिर मैंने देखा." पुन्हा दम. "वो खडी थी, साब. मैंने झूठ नहीं बोला. दिखी थी."

मला तो पेढ्यांचा पुडा आठवला, आणि पुड्याच्या दोऱ्याला बांधलेली त्यांची मोठी, ओबडधोबड गाठ. इतकी वर्षं एक सोयीचं उत्तर मी उराशी धरून होतो की निदान दोघांतला एक खोटं बोलत होता. त्या उत्तरापायी एका चांगल्या माणसाला दोन वर्षं पाठ दाखवली. मी म्हटलं, "भंवरजी, माफ करना." पलीकडे लिछमा म्हणाली, "दादोसा सो गए." ते झोपलेच होते. दोन दिवसांनी पुन्हा तिचाच फोन आला, तेव्हा काय ते मला आवाजावरूनच कळलं.

तो फोन ठेवून मी गच्चीवर गेलो. पाऊस नुकताच उघडलेला, हवा धुतलेली. मसाटच्या दिशेला चिमणी उभी होती, टोकापर्यंत स्वच्छ. शेजारच्या गच्चीत पाटील कपडे वाळत घालत होते, त्यांची दुसरी पाळी होती. मी हाक मारली.

"पाटील, ती चिमणी दिसते ना?"

त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि बघितलं. "दिसी ऱ्हायनी ना काका. एकदम साफ."

मी खाली आलो आणि स्कूटर काढली.